थंडीत दाणा कसा भरतो? शाळूचं बियाणं घेण्याआधी एवढं वाचा



मागच्या जानेवारीत एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचतीचा हिशेब झाला, सह्या झाल्या, चहा झाला. उठताना एक ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, जरा रानाकडं येतासा का?" गेले. शाळू डोक्याएवढा वाढलेला. लांबून बघितलं तर पीक झकास. ताईंनी एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. सगळं फोलपट उडून गेलं. हातात राहिले सात-आठ दाणे.

"पाणी दिलंय, खत घातलंय. मग ह्याला झालंय तरी काय? नजर लागली म्हणायची का?" असं त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. मी समाजकार्य शिकलेली, शेती शिकलेली नाही. पण त्या ताईंचं बियाण्या-खतासाठीचं कर्ज गटातून मंजूर झालं तेव्हा मी त्या बैठकीत हजर होते. कर्ज किती, हप्ता किती, हे सगळं मी विचारलं होतं. बियाणं कुठलं, हे मात्र विचारलं नव्हतं.

घरी बियाण्याची रिकामी पिशवी होती. त्यावर बारीक अक्षरात हंगाम लिहिला होता : खरीप. म्हणजे पावसाळ्यात पेरायची ज्वारी थंडीत पेरली गेली होती. वर्षाची भाकरी गेली, हाती राहिला कडबा, आणि हप्ता तर चुकत नाही.

त्यानंतर मी कृषी सहायकांना विचारलं, पुस्तकं वाचली, जुन्या बायकांशी बोलले. त्यातून जे समजलं ते आज तुम्हाला सांगते. गोष्ट जरा लांब जाते, पार बर्फाच्या देशात जाऊन परत येते. पण शेवटी आपल्या कणगीपाशीच येऊन थांबते.

थंडी पिकाचं काय करते?

पहिली गोष्ट, थंडीत पिकाची वाढ मंदावते. हे आपल्याला माहीत आहे. थंडीत दह्याला विरजण लागायला वेळ लागतो, तसंच हे.

दुसरी गोष्ट जास्त नुकसानीची, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. कणीस बाहेर पडायच्या आधी, ते अजून पोटरीत असतानाच, त्याच्या आत पराग तयार होत असतो. ज्वारी मुळात उष्ण भागातलं पीक. त्या नाजूक दिवसांत रात्रीचं तापमान १२-१३ अंशांच्या खाली गेलं, की थंडी न सोसणाऱ्या वाणात पराग नीट तयार होत नाही. पराग नाही तर फळधारणा नाही. ताट हिरवं, कणीस मोठं, आणि आत काहीच नाही. आपल्या ताईंच्या रानात हेच झालं होतं. त्यात पाण्याचा दोष नव्हता, खताचा नव्हता, आणि नजरेचा तर नव्हताच.

तिसरी गोष्ट बर्फाची. आपल्याकडे ती सहसा येत नाही, पण थंड देशांत येते. पाणी गोठलं की फुगतं. बाटली काठोकाठ भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर ती तडकते. पिकाच्या पानात पाणीच असतं. ते गोठलं की पान आतून फाटतं आणि करपल्यासारखं काळं पडतं.

थंडीशी जमवून घ्यायच्या तीन तऱ्हा

मग ज्या देशांत सहा-सहा महिने बर्फ असतं, तिथले लोक धान्य कसं पिकवतात? पिकाकडे तीन तऱ्हा असतात.

एक, सोसणं. काही पिकं थंडी वाढू लागली की आपल्या पेशींत साखर साठवतात. साधं पाणी लवकर गोठतं, साखरेचं पाणी उशिरा गोठतं. रशिया, पोलंडकडे राय नावाचं धान्य असतं, ते यात सगळ्यात चिवट. त्याच्या काळपट पावावर तिकडच्या गरिबांनी पिढ्यान् पिढ्या काढल्या.

दोन, वाट बघणं. थंड देशांत गव्हाचा एक प्रकार बर्फ पडायच्या आधी पेरतात. रोपं बर्फाखाली झोपून राहतात आणि बर्फ वितळलं की उठतात. या गव्हाला काही आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय ओंबी धरताच येत नाही. तो कोल्हापुरात पेरला तर नुसतं गवत वाढेल, ओंबी येणार नाही. म्हणजे बियाणं वाईट नसतं, जागा चुकीची असते.

तीन, घाई करणं. बर्फ वितळल्यावर पेरायचं आणि पुन्हा बर्फ पडायच्या आत काढून मोकळं व्हायचं. त्यासाठी कमी दिवसांत येणारा वाण लागतो. या घाईची गोष्ट थेट आपल्या देशाशी जोडलेली आहे.

कॅनडाच्या गव्हाची आई आपल्याकडची

अमेरिकेच्या वरच्या अंगाला कॅनडा हा मोठा थंड देश आहे. तिथं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी 'रेड फाइफ' नावाचा गहू पेरत. पावाला उत्तम, उताराही चांगला. पण तो पिकायला उशीर लावी. गहू दुधात असतानाच एखाद्या रात्री कडाक्याची थंडी पडायची आणि सगळं रान हातचं जायचं.

तिथल्या सरकारी शेती संशोधनाचे प्रमुख होते विल्यम सॉन्डर्स. त्यांनी जगभरातून लवकर पिकणारे गहू मागवले. त्यात आपल्या देशातला एक गहू होता. कलकत्त्याच्या बंदरातून जायचा म्हणून तिकडे त्याचं नाव पडलं 'हार्ड रेड कलकत्ता', म्हणजे कलकत्त्याचा लाल टणक गहू. आपल्या गव्हाला घाई असतेच. थंडी सुरू झाल्यावर पेरायचा आणि उन्हाळा तापायच्या आत काढायचा. आपला गहू उन्हापासून पळतो, कॅनडाच्या गव्हाला बर्फापासून पळायचं होतं. पळणं दोघांचं सारखंच.

१८९२ साली हा कलकत्त्याचा गहू आई आणि रेड फाइफ बाप, असा संकर केला गेला. पुढे विल्यम यांचे चिरंजीव चार्ल्स सॉन्डर्स यांनी त्या संततीतून एकेक ओंबी निवडायला सुरुवात केली. सुरुवातीला दाणे थोडे, दळायला पुरेसे नाहीत. मग या गव्हाचा पाव चांगला होईल की नाही हे कसं बघायचं? चार्ल्स यांनी दाणे तोंडात टाकले आणि चावले! चावून चावून जो चिकट गोळा राहतो, तो किती ताणला जातो यावरून त्यांनी गहू पारखला. ताईंनो, लहानपणी रानात गव्हाचे दाणे चघळून चिंगम आपण सगळ्यांनीच केलंय. त्यांनी त्याच युक्तीनं देशाचा गहू निवडला.

त्या वाणाचं नाव 'मार्क्विस'. रेड फाइफपेक्षा तो साधारण आठवडाभर आधी पिकायचा. १९०९ पासून तो शेतकऱ्यांकडे गेला आणि दहा-बारा वर्षांत पश्चिम कॅनडाच्या बहुतेक रानात तोच दिसू लागला. फक्त आठवडाभराचा फरक, पण त्या आठवड्यानं लाखो घरांचं पीक वाचवलं.

आपल्या थंडीचा धनी : शाळू

आता परत आपल्या रानात येऊ. आपल्याकडे बर्फ नाही, पण मार्गशीर्ष-पौषातली पहाटेची थंडी आहे. त्या थंडीत दाणा भरणारी ज्वारी आपल्या आजी-पणजीनं शेकडो वर्षं राखली, तोच आपला शाळू.

खरीप ज्वारी आणि शाळू दिसायला बहिणी, पण स्वभाव वेगळे. शाळू पावसाच्या शेवटी पेरायचा, जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढवायचा. दिवस लहान होऊ लागले की तो फुलोऱ्याची तयारी करतो. थंड रात्रीतही त्याचा पराग तयार होतो. खोडमाशीनं पोंगा मरण्याचं प्रमाणही त्यात खरिपाच्या संकरित वाणांपेक्षा कमी असतं. १९६४ साली आलेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीनं खरिपात उत्पादन वाढवलं. पण रब्बीत तसल्या ज्वारीचा टिकाव लागला नाही. रब्बीत राज्य राहिलं ते मालदांडीचंच.

मालदांडी ३५-१ हा वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्वातंत्र्याच्या आधी निवडला गेला. हा काही परदेशातून आणलेला नाही. शेतकऱ्यांच्या रानात मालदांडी होतीच, त्यातली चांगली ताटं निवडून, त्यांचं बी वेगळं पेरून, पुन्हा निवडून तो तयार झाला. मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी आणि जनावरं आवडीनं खातात असा कडबा. इतकी वर्षं झाली तरी लोक अजून मालदांडीच मागतात, ते उगीच नाही.

पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं जमिनीच्या खोलीप्रमाणे रब्बी ज्वारीचे वाण दिले. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा, आणि पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. हलक्या रानात ओल लवकर संपते, म्हणून तिथं कमी दिवसांत येणारा वाण हवा. म्हणजे पुन्हा तीच घाईची गोष्ट, फक्त कॅनडात घाई बर्फामुळे आणि आपल्याकडे ओलीमुळे.

नवा वाण यायला इतकी वर्षं का लागतात?

गव्हाच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. संकर करायचा तर चिमट्यानं एकेका फुलातले नर काढून टाकायचे, ओंबीला कागदाची पिशवी घालायची आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून लावायचा. हे मोत्याच्या नथीएवढं नाजूक काम आहे.

त्यातून आलेली पहिली पिढी सगळी सारखी दिसते. दुसऱ्या पिढीत मात्र एकाच आईची लेकरं असावीत तसं होतं. एक उंच, एक बुटकं, एक लवकर येणारं, एक रोगाला बळी पडणारं. त्यातली हवी तशी ताटं निवडायची, पुढच्या वर्षी पेरायची, पुन्हा निवडायची. गुण पक्के व्हायला सात-आठ पिढ्या जातात. मग वेगवेगळ्या गावांत चाचण्या. मार्क्विसला संकरापासून शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत १७ वर्षं लागली.

वेळ वाचवायला शास्त्रज्ञ एक युक्ती करतात. आपल्याकडे उन्हाळ्यात गहू येत नाही, पण हिमाचलातल्या लाहौल-स्पितीत येतो. तिथल्या दलंग मैदानात हिवाळाभर बर्फ आणि उन्हाळा आपल्या थंडीसारखा. त्यामुळे इथली पिढी काढून तिथं पेरली की एका वर्षात दोन पिढ्या निघतात. आपल्या जवळचं महाबळेश्वरही थंड आणि दमट, म्हणून गव्हावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करणारं केंद्र तिथं आहे.

गहू आणि नाचणीवाल्या ताईंसाठी

शाळूला थंडी सोसावी लागते, गव्हाला मात्र थंडी हवीच असते. आपल्या जिल्ह्यात ऊस तुटून गेल्यावर गहू पेरायची पद्धत आहे. तोड उशिरा आली की पेरणी डिसेंबरात जाते आणि दाणा भरायच्या वेळी ऊन तापतं. दाणा चिंबतो, वजन बसत नाही. अशा उशिराच्या पेरणीला एनआयएडब्ल्यू-३४ किंवा फुले समाधान असे वाण असतात. हे नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे. पेरणी लांबली तर वाण बदलायचा, एवढं लक्षात ठेवा.

आजरा, चंदगड, राधानगरी, शाहूवाडीकडच्या ताईंची नाचणी. कोल्हापुरात शेंडा पार्कला कृषी संशोधन केंद्र आहे, तिथूनच फुले नाचणी आणि फुले कासारी हे वाण आले. उत्तराखंडातही नाचणी घरोघर असते, तिला तिकडे मंडुवा म्हणतात. हिमालयात थंडी लवकर उतरते, म्हणून अल्मोड्याच्या संशोधन संस्थेनं व्हीएल मंडुवा ३५२ सारखे लवकर येणारे वाण तयार केले. उन्हाळी नाचणी करणाऱ्या ताईंनी एक जपावं : डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत रोप टाकलं तर उगवण रेंगाळते. तेव्हा तारीख आणि वाण दोन्ही विचारूनच ठरवा.

दुकानात हे पाच प्रश्न विचारा

१. हा वाण कोणत्या हंगामाचा? पिशवीवर हंगाम कुठं लिहिलाय ते दाखवा.

२. किती दिवसांत येतो? माझी ओल किंवा पाणी तेवढे दिवस पुरेल का?

३. कोणत्या जमिनीसाठी आहे : हलकी, मध्यम की भारी?

४. सरळ वाण की संकरित? सरळ वाणाचं बी घरी राखता येतं. संकरिताचं राखलं तर पुढच्या वर्षी पीक एकसारखं येत नाही.

५. लेबल कुठल्या रंगाचं? निळं लेबल म्हणजे प्रमाणित बियाणं, पांढरं म्हणजे पायाभूत. चाचणीची तारीख आणि वापरायची शेवटची तारीख बघा.

वाचता येत नसेल तर लाजू नका. दुकानातच शाळेत जाणाऱ्या लेकराला, नाहीतर गटाच्या सचिवांना फोन लावून वाचून घ्या. पक्की पावती घ्या. पिशवी, लेबल आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर पुरावा एवढाच असतो.

घरचं बियाणं राखताना

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही आपल्याला हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. हा हक्क वापरायचा तर बी चांगलं हवं. त्यासाठी :

• कापणीनंतर ढिगातून बी काढू नका. पीक उभं असतानाच रानाच्या मधली ताटं निवडा. बांधाकडेची नको, कारण शेजारच्या ज्वारीचा पराग वाऱ्यानं येतो आणि भेसळ होते.

• सगळ्यात मोठं कणीस बघून भुलू नका. दाणा भरलेला, ताट न लोळलेलं, रोग नसलेलं आणि थंडीतही कणीस पूर्ण भरलेलं, असं ताट निवडा. त्याला रंगीत चिंधी बांधा. एकाच ताटावर भिस्त नको, पन्नास-शंभर तरी निवडा.

• ती कणसं वेगळी कापा, वेगळी मळा, चांगली वाळवा आणि कोरड्या डब्यात ठेवा. वर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा.

• पेरणीआधी उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठ-दहा दिवसांनी मोजा. ज्वारीचे ७५ च्या वर उगवले तर बी चांगलं, कमी उगवले तर बी बदला. हे नवीन काही नाही. नवरात्रात घटाला धान्य पेरून कुठलं कसं उगवतंय ते आपण बघतोच. शाळूची पेरणीही साधारण त्याच दिवसांत असते.

ताईंनो, चार्ल्स सॉन्डर्स ओंब्या निवडत होते, मोहोळचे शास्त्रज्ञ मालदांडीची ताटं निवडत होते, आणि आपल्या आज्या खळ्यावर बसून पुढच्या वर्षीचं बी बाजूला काढत होत्या. काम एकच. शास्त्रज्ञांकडे वही होती, नोंद होती. आपल्या आज्यांची नोंद डोक्यात राहिली आणि त्यांच्याबरोबर गेली. म्हणून आपल्या गटाच्या रजिस्टरात एक पान बियाण्याचं ठेवूया. कुणी काय पेरलं, कधी पेरलं, थंडीत कणीस भरलं का, किती निघालं. चार रकाने पुरेत.

सुरुवातीला सांगितलेल्या ताईंचं पुढे काय झालं, हे विचाराल. गटानं त्यांच्या हप्त्याला मुदत वाढवून दिली. त्यांच्या जावेकडे घरची मालदांडी होती. तिची उगवण तपासली, शंभरातले ८८ दाणे आले. यंदा तेच बी कुरीनं पेरलंय. आणि आता गटात बियाण्यासाठी कर्ज मागितलं की पहिला प्रश्न त्याच ताई विचारतात, "पिशवी आणलीया का? आधी हंगाम दाखव."

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातल्या बियाण्याची एक मूठ आणि रिकामी पिशवी घेऊन या. आपण मिळून वाचूया, आणि शंभर-शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवूया.

तुमची,
क्षेत्र समन्वयक